रेतीवाला तलाव

१ मे १९७३, मंगळवार

पोहे नाहीत! चहाचा ट्रे नाही! गणपतकाका सकाळीच आले, सायकल भिंतीला लावायच्या आधीच बोलायला लागले — "चंपतराव, पोट्टा मोठा इचित्तर आहे गा! मुलगी पाहाले घरी येत नाही म्हणते. दोन्ही घरं मिळून एक दिवस एखाद्या तलावावर जाऊ, खाऊ-पिऊ, तिथंच भेटू म्हणते. तलाव कोणता ते तुमी ठरवा."

बाबांनी पेपर खाली ठेवला. आई हात पुसत बाहेर आली. ताई शाळेची निकालपत्रकं लिहीत होती, तिने मान वर केली नाही.

मुलगा बळीराम खोब्रागडे, मौद्याचा. तीस वर्षांचा. जंगल खात्यात नोकरी, देवलापारकडे असतो. वडील नाहीत, आई आहे. काकांनी एवढंच सांगितलं. मी मनात एक जाडजूड माणूस उभा केला, लाकडांवर शिक्के मारणारा.

मला आनंद कशाचा झाला ते फक्त इथे लिहिते. आमच्या स्वयंपाकघराच्या दारापासून बैठकीतल्या खुर्चीपर्यंत अकरा पावलं आहेत. मी मोजलेली आहेत. ताई तीन वर्षांची असताना तिला ताप आला आणि डावा पाय बारीक राहिला, जरा आखूडही. त्या अकरा पावलांत आजवर पाच स्थळं परत गेली. ताई ट्रे घेऊन निघते, कप वाजतात, आणि समोर बसलेली बाई कपांकडे बघतच नाही. मग "कळवतो" म्हणतात. कोणी कळवत नाही.

२ मे

बाबा म्हणाले अंबाझरी. आई म्हणाली अंबाझरी. काका म्हणाले, "अंबाझरीच! दुसरं काय आहे नागपुरात?"

४ मे, शुक्रवार

आज आईला विचारलं, "त्या लोकांना पायाचं सांगितलं आहे ना?" आई तांदूळ निवडायला लागली. म्हणजे नाही. काकांचं म्हणणं असं की आधी सांगितलं की माणूस येतच नाही. "आधी मुलगी पाहू द्या, बोलू द्या. मुलगी लाखात एक आहे. मन बसलं की मग सांगू." बाबांना हे आवडलेलं नाही. पण ते 'नको'ही म्हणाले नाहीत, नुसते उठून अंगणात गेले.

आणि मी? खरं लिहायचं तर लिहितेच. माझं ज्याच्याशी ठरलं आहे त्या रविंद्रच्या आईचा कालच निरोप आला — दिवाळीपर्यंत थांबतो, पुढे नाही थांबत. बाबांचं तर ठरलेलं, "मोठी घरात असताना धाकटीचा मांडव टाकत नाही मी." रविंद्र टेलिफोनच्या ऑफिसात लागून दोन वर्षं झाली, दोन्ही घरांना सगळं माहीत, नाव ठेवायला जागा नाही. अडलं आहे ते ताईपाशी. ताई माझा जीव की प्राण आहे. आणि तरी पाचवं स्थळ परत गेलं तेव्हा मी मोरीत जाऊन रडले ते तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी. लाज वाटते. पण होतं ते असं.

म्हणून ठरवलं. तलाव मी निवडणार. हे काम या घरात कोणाला जमणार नाही — कोणी जमिनीकडे बघतच नाही!

६ मे, रविवार

सकाळी सायकल घेऊन निघाले. आईला सांगितलं, मैत्रिणीकडे.

अंबाझरी — बाद. बांधाची पाळ केवढी लांब, सरळ, सपाट! सगळी माणसं तिच्यावरून चालतात आणि सगळी एकमेकांची चाल बघतात. आमच्या बैठकीत अकरा पावलं, इथे हजार होतील.

फुटाळा — पाण्यापाशी जायचं तर दगडांवरून उतरा. शिवाय टवाळ पोट्टे.

गोरेवाडा — शांत आहे, झाडी आहे. पण जमीन मुरमाची, कडक. आणि रखवालदाराने मला हाकललं. "कोणाची परमिशन?" म्हणे. पाणी बघायलाही परमिशन!

सोनेगावला पाणीच उरलेलं नाही, नुसता चिखल. चिखलात कोणी मुलगी पाहायला येईल का?

उन्हाने डोकं तापलं. घरी आले तर ताईने कैरीचं पन्हं करून ठेवलं होतं. "कुठं फिरून राहिली वं उन्हातानाची? तोंड कसं लाल झालं." मी म्हटलं, मैत्रिणीकडे. तिने पन्ह्यात मीठ जरा जास्त टाकलं होतं, ऊन लागलेल्याला टाकतात तसं.

८ मे, मंगळवार

रविंद्रला सांगितलं. आधी हसला. मग म्हणाला, त्याच्या सुभद्राताईच्या सासरी तितूरटोल्याला एक तलाव आहे, कळमेश्वरच्या पुढे. नाल्याने दरवर्षी रेती वाहून येते, आणि उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की रेतीचा रुंद काठ उघडा पडतो. "समुंदरासारखा," म्हणे. समुद्र त्यानेही पाहिलेला नाही.

रेती! हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? रेतीत पाय सगळ्यांचेच रुततात.

१३ मे, रविवार

तितूरटोल्याला जाऊन आले. रविंद्र आणि मी, दुपारच्या एसटीने. पोचलो तेव्हा पाच वाजले असतील. सुभद्राताई आणि तिचे यजमान नत्थूजी सोबत आले.

सुंदर तलाव आहे. खरंच. काठाला जांभळीची मोठी झाडं, त्यांच्या सावलीपासून पाण्यापर्यंत मऊ पांढरट रेती, पन्नास-साठ पावलं. पाणी स्वच्छ. बगळे. पलीकडे दोन म्हशी डुंबत होत्या. क्षणभर मी कशासाठी आले तेच विसरले आणि चपला काढून बसले.

मग परीक्षा घेतली. रविंद्रला झाडाखाली उभं केलं आणि म्हटलं, आम्ही दोघी चालतो, एक सरळ चालेल, एक पाय ओढत. कोण लंगडतं सांग. सुभद्राताईला हसू आवरेना, पण चालली. मी डावा पाय टाच न टेकता टाकत चालले. वीस पावलं गेलो, वीस पावलं आलो.

"सांग."

"दोघीही लंगडून राहिल्या," रविंद्र म्हणाला.

मी टाळ्या वाजवल्या! त्याने वाजवल्या नाहीत. येताना एसटीत त्याने तिकिटं काढली. मग म्हणाला, "अन् लग्न झाल्यावर काय करशीन? त्याच्या घरात रेती टाकशीन का?"

मी सुटे पैसे मोजायला लागले. थोड्या वेळाने तोच पुन्हा, हळू आवाजात — "हे लतिकाताईसाठी करून राहिली का आपल्यासाठी?"

मला राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा.

१४ मे

घरी तितूरटोला ठरला. मी एवढंच सांगितलं की अंबाझरीला रविवारी फार गर्दी असते, ओळखीचे भेटतात, चार तोंडं चार गोष्टी. आईला तेवढं पुरलं. चार तोंडांची भीती आमच्या घरात लवकर लागू पडते.

१७ मे, गुरुवार. बुद्ध पौर्णिमा

सकाळी सगळे विहारात गेलो. पांढरी साडी नेसून ताई बायकांत मागे बसली होती. पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी — खोटं बोलण्यापासून दूर राहीन — माझा आवाज बारीक झाला. शेजारच्या बाईने वळून पाहिलंसुद्धा. ताईचा आवाज मात्र स्वच्छ येत होता.

घरी खीर. दोन वाट्या खाल्ल्या. पापी माणसाला भूक लागते.

१९ मे, शनिवार

उद्या.

सगळी जुळवाजुळव पुन्हा तपासली. आम्ही पहिल्या एसटीने जायचं, त्यांच्या आधी पोचायचं. फाट्यापासून तलावापर्यंत कच्चा रस्ता आहे, तिथे नत्थूजी बंडी घेऊन येतील — बैलबंडीत सगळेच बसतात, त्यात कोणाला काही वाटायचं नाही. ताईला सतरंजीवर बसवायचं, पाहुणे यायच्या आत. ती वाढायला उठणार नाही, मी वाढणार. परत निघताना आधी पाहुण्यांना लावून द्यायचं.

जरीपटक्याच्या बाजारातून आईने ताईला नवीन साडी आणली, फिकी निळी. मी नेसवून बघितली, जरा खालीच ठेवली.

"जमिनीले घासून राहिली वं," ताई म्हणाली.

"आता अशीच नेसतात," मी म्हटलं.

तिने आरशात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली.

२१ मे, सोमवार

काल लिहायचं त्राण नव्हतं. आज सगळं लिहिते.

आठ वाजता तलावावर पोचलो. सगळं ठरल्यासारखं. जांभळीखाली सतरंजी, त्यावर ताई, मागे झाडाचा बुंधा. बाबा आणि नत्थूजींनी गोवऱ्या रचल्या. गोवऱ्यांत भाजायचे कणकेचे रोडगे बाबांच्या हातचे, त्यात ते कोणाला हात लावू देत नाहीत. आईने वांग्याच्या भाजीचं पातेलं चढवलं. टरबूज पाण्यात सोडून ठेवलं होतं. वारा थंड होता. कोणी दुरून पाहिलं असतं तर म्हटलं असतं, किती सुखी माणसं आहेत!

नऊच्या सुमाराला गणपतकाका पाहुण्यांना घेऊन आले. जय भीम, जय भीम झालं. त्याची आई जिजाबाई — उंच, कमी बोलणाऱ्या, हातात छत्री. आणि तो. जाडजूड नाही. काटकुळा, काळासावळा, डोळे सारखे कुठेतरी खाली. लाजतो की काय, असं वाटलं मला. रेती लागल्याबरोबर त्याने आपणहून बूट काढून हातात घेतले. मी मनात म्हटलं, शाबास!

जिजाबाई ताईशेजारी टेकल्या. शाळेत किती मुलं, कितवी शिकवता, स्वयंपाकात काय आवडतं, असं चाललं. तो ऐकत होता. मग एकदम म्हणाला, "चला, पाणी पाहून येऊ."

कांदा चिरता चिरता माझी विळी थांबली. पण रेती होती! ताई उठली. आईने माझ्याकडे पाहिलं, मी डोळ्यांनीच म्हटलं, जाऊ दे.

दोघं रेतीतून खाली गेले आणि खरंच, काही म्हणता काही कळत नव्हतं. तोही डुलत चालला होता, तीही. जिजाबाई बघत होत्या आणि त्यांच्या कपाळावर आठी नव्हती. रविंद्र तिथे असता तर त्याला दाखवलं असतं. पाण्याशी पोचल्यावर ते बराच वेळ उभे राहिले, बोलत. मग काठाकाठाने चालू लागले, ती पुढे, तो चार पावलं मागे. मला ते जरा विचित्र वाटलं. शेजारून चालायला काय झालं? पण म्हटलं, लाजतो. वीस मिनिटांनी परत आले. ताईच्या साडीचा काठ ओला झाला होता. ती नेहमीसारखीच होती. सतरंजीवर बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पाणी किती थंड आहे वं!"

जेवायला बारा वाजले. बाबांनी राखेतून रोडगे काढले, फोडले, वर तूप सोडलं. पंगत बसली आणि बाबांनी सहज विचारलं, "जंगलात तुमचं काम काय असते?"

तो म्हणाला, "मागच्या उन्हाळ्यात वाघांची गणती झाली. माझ्याकडे पंजे पाहाचं काम आहे. पाणवठ्यावर, नाल्याच्या रेतीत पंजा उमटते. काच ठेवून त्याच्यावर तो उतरवून घेतो, मग कागदावर."

गणपतकाकांना भारी मजा वाटली. "पंजावरून वाघ वळखू येते का गा?"

"येते ना. नर का मादी, जवान का म्हातारा. पळून राहिला का सावकाश जाऊन राहिला. कोणत्या पायावर भार देते, कोणता पाय धरते. ओली रेती असली तर सारंच दिसते."

रोडगा माझ्या घशात अडकला. नत्थूजींनी पाठीवर थाप मारली, पाणी दिलं. आईला काही कळलं नाही. बाबांना कळलं असावं, त्यांनी ताटाकडे बघायला सुरुवात केली. आणि ताई शांतपणे भाजीतलं वांगं सोलत होती.

पन्नास तलाव सोडून मी रेतीचा निवडला! आणि कोणासाठी? जो जन्मभर रेतीत पावलं वाचतो त्याच्यासाठी! आम्हा कोणाला त्याचं काम नीट विचारावंसं वाटलं नाही. सरकारी नोकरी म्हटलं की आमचं विचारणं संपतं.

हात धुवायच्या निमित्ताने पळाले पाण्याकडे. रेती इतकी तापली होती की तळपाय भाजले, उड्या मारत गेले. तेव्हा डोक्यात उजेड पडला — अरे, मे महिना आहे! रेती तापते! म्हणून ती दोघं कोरड्यातून चालू शकली नाहीत, पाण्याकाठच्या ओल्यात उतरली. मी परीक्षा घेतली ती संध्याकाळी पाच वाजता. शहाणी!

काठावर सगळं लिहून ठेवलेलं होतं. ताईचं उजवं पाऊल पुरं, टाचेसकट खोल. डावं नुसता चवडा आणि बोटं, आणि बोटांपुढे ओढल्याची एक रेघ. परत उजवं, परत रेघ. दूरपर्यंत. ते वाचायला जंगल खात्यात असायची गरज नव्हती.

मी काय करावं? पायांनी पुसायला लागले. साडी वर धरून, म्हशीसारखी, इकडून तिकडे. दहा-बारा पावलं पुसली असतील, तर मागे तो उभा. हातात लोटा.

"राहू द्या," म्हणाला. "माझं पाहून झालं."

रागाने नाही म्हणाला. हसूनही नाही. लोटा भरला आणि वर गेला.

नंतर टरबूज कापलं, खाल्लं, निरोप झाले. जिजाबाईंनी ताईच्या गालाला हात लावला. "कळवतो," म्हणाल्या.

तो शब्द.

२२ मे

कोणाला काही सांगितलं नाही. तळपायाला दोन फोड आले आहेत. ताईने विचारलं, खोबरेल लावून दिलं.

२५ मे, शुक्रवार

पत्र नाही. बाबा रोज मिलमधून आले की आधी कोनाड्यात बघतात. आई म्हणते, मौद्याची डाक उशिरा येते. मौदा काय विलायतेत आहे?

रविंद्र भेटला. सगळं सांगितलं. मला वाटलं, 'मी म्हटलं नव्हतं?' म्हणेल. तो म्हणाला, "दिवाळीपर्यंत नाही झालं तर मी आईले समजावतो. तू ताईच्या मागं नको लागू आता." मी रस्त्यातच रडले. या वेळी कोणासाठी रडले ते मलाही नीट सांगता येणार नाही, पण बरंचसं ताईसाठी होतं.

तिला एकदा सांगून टाकायला हवं की तो तलाव मी कशासाठी निवडला. आज तोंड उघडलं होतं. ती मशीनवर बसून माझा ब्लाऊज शिवत होती. परत मिटलं.

२९ मे, मंगळवार

पत्र आलं! बाबांच्या नावाने, त्याच्याच अक्षरात. बाबांनी उभ्याने वाचलं, मग खाली बसून पुन्हा मोठ्याने वाचलं. मी उतरवून ठेवते —

"मुलगी आम्हाला पसंत आहे. पायाचे मी आईला त्याच दिवशी सांगितले, तिची हरकत नाही. आपल्या मुलीने पहिल्याच भेटीत माझ्यापासून काही लपवले नाही, हे मला फार आवडले. पुढचे आपण म्हणाल तसे."

आई रडायला लागली. बाबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. गणपतकाकांना बोलावणं गेलं. "पायाचं त्याले कोणं सांगतलं गा?" असं ते तीनदा म्हणाले आणि शेवटी सगळं श्रेय स्वतःकडेच घेऊन गेले.

मला आनंद झाला. खूप. पण ती ओळ काट्यासारखी रुतली आहे. "काही लपवले नाही." हा टोमणा आहे आणि तो मला आहे. काठावर साडी वर धरून पावलं पुसणारी बाई त्याने पाहिली आहे. जन्मभर तो मला जेव्हा भेटेल तेव्हा तेच आठवेल. भोगावं लागेल, दुसरं काय!

बाबांनी ताईला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे, लतिका?" तिने पत्र मागून घेतलं. वाचलं. त्याच ओळीपाशी थांबली आणि हसली. मग म्हणाली, "हो म्हणून कळवा."

ती का हसली, मला कळलं नाही.

३१ मे, गुरुवार

आज ताईला सगळं कबूल केलं. अंबाझरी का नको म्हटलं, बंडी कशाला सांगितली, साडी खाली का नेसवली, सगळं. म्हटलं, माफ कर, आणि वर माझ्या मूर्खपणाने रेती तापते हेही ध्यानात आलं नाही, म्हणून तुला ओल्यातून चालावं लागलं.

ताईने सुईत दोरा ओवला. म्हणाली, "साडेनऊले रेती कुठं तापते वं? कोरड्यात माझं काहीच उमटून नव्हतं राहिलं. त्याहिनं पंज्यांचं सांगतलं, तवा मीच म्हटलं — मी ओल्यातून चालतो, तुमी माझ्या मागून या."